साक्षीला मासे

१

सोमवारी सकाळी शिवा माळी तळ्याकाठच्या झेंडूंना पाणी घालायला गेला, तेव्हा आधी त्याला मासे दिसले. रोहू, कटला, शोभेचे लाल मासे, सगळे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. मग त्या माशांमध्ये त्याला एक निळा शर्ट दिसला. शर्टात माणूस होता.

शिवाच्या हातातला पाइप सुटला. तो ओरडत गेटकडे पळाला.

‘शुभ्रांशु डायस्टफ्स’ ही ठाणे-बेलापूर रस्त्यावरची रंग बनवणारी कंपनी. तिच्या दारातलं हे तळं त्या औद्योगिक पट्ट्यात प्रसिद्ध होतं. शाळांच्या सहली यायच्या, फोटो निघायचे. काठावर संगमरवरी पाटी होती: ‘या तळ्यात आमच्या कारखान्याचे शुद्ध केलेले सांडपाणी आहे. मासे साक्षीला आहेत.’ त्याच दिवशी उद्योजकांच्या एका संघटनेची समिती हे तळं बघायला येणार होती. पर्यावरण राखणाऱ्या कारखान्याचा त्या वर्षीचा, म्हणजे शहाण्णव सालचा, पुरस्कार शुभ्रांशुला मिळणार हे जवळजवळ ठरल्यात जमा होतं.

पाण्यातला माणूस होता प्रीतम म्हात्रे. बोनकोड्याचा तरुण मुलगा, कंपनीचा ग्रामसंपर्क अधिकारी. गावात दवाखाना भरव, झाडं लावून घे, गावकरी चिडले की समजूत काढ, हे त्याचं काम. कंपनीत त्याला गावचा समजायचे आणि गावात कंपनीचा.

दुपार व्हायच्या आत पोलिसांनी त्याच्या सख्ख्या मामाला, देवजीला, उचललं होतं.

२

कारखान्याच्या आवारात माणूस मेला की कारखाना निरीक्षकाला जावंच लागतं. वैजयंती सबनीस सानपाड्याच्या घरातून निघाली ती थेट हॉस्पिटलात पोचली. या नोकरीत तिचे केस पांढरे झाले होते. बॉयलर फुटून, पट्ट्यात सापडून, उंचावरून पडून गेलेली माणसं तिने पाहिली होती. तळ्यात बुडालेला माणूस मात्र पहिलाच.

“म्याडम, तुमी कशाला तरास घेतलासा?” सब-इन्स्पेक्टर बाबासो जगदाळे म्हणाला. “केस सरळ हाय. ह्यो देवजी मासेमारी करतो. खाडीतली मासळी कंपनीनं मारली म्हणून डोक्यात राग. सभेत समद्यांसमोर भाच्याला धमकी दिली, ‘ह्याच तळ्यात बुडवीन’. समिती येणार म्हणून काल सुट्टीचं येऊन इख टाकलं, भाचा आडवा आला, संपलं.”

वैजयंती टेबलावर मांडलेल्या प्रीतमच्या वस्तू बघत होती. चांदीची अंगठी. चांदीचा करदोरा. दोन्ही कोळशासारखे काळे. काळे बूट, नाड्या घट्ट, सारख्या गाठी मारून बांधलेल्या. आणि पँटच्या खिशातून निघालेली, गुंडाळी केलेली मोज्यांची जोडी.

“बूट पायात होते?”

“व्हय. आमीच काढले.”

“आणि मोजे खिशात?”

जगदाळे हसला. “असतंय म्याडम एकेकाचं.”

तिने मृतदेहावरची चादर बाजूला केली. दोन्ही काखांखाली रुंद पट्ट्याचे वळ उमटले होते.

“तळ्यातून कसं काढलं ह्याला?”

“वॉचमननी हाताला धरून ओढलं. कमरंएवढं तर पाणी हाय.”

कमरेएवढं पाणी. वैजयंतीने चादर पुन्हा नीट घातली.

३

देवजी कोठडीच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. रापलेला, रुंद खांद्यांचा म्हातारा. रडून त्याचे डोळे सुजले होते.

“बोल्लो मी,” तो म्हणाला. “सगल्या गावासमोर बोल्लो. मामा हाय मी त्याचा. मामा बोलनार नाय तं कोन बोलनार? खाडीन जालं टाकलं का लाल पानी येतं. निवट्या गेल्या, चिंबोऱ्या गेल्या. आनी ह्यो आमचाच पोऱ्या कंपनीच्या तल्यान मासं पोसतो, लोकांना दाखवतो, बगा कसं जगलेत! मना सांगतो, मामा, समितीसमोर उभा ऱ्हा आनी बोल, खाडीन मासली परत आली.”

“मग?”

“मंग मी त्याच्यावर थुकलो.” म्हाताऱ्याचा आवाज फुटला. “सगल्यांसमोर. त्यानी तोंड पुसलान आनी काय बोल्ला ठावं हाय? बोल्ला, मामा, एक दिवस त्या तल्यान खरं पानी सोरून दाखवतो. मंग तू सांग, मी कोनाचा.”

वैजयंती ताठ झाली. “खरं पाणी सोडून? म्हणजे एरवी खोटं असतं?”

“त्ये मना काय म्हाईत, ताई? पन एक सांगा. भरतीच्या पान्यान पोवत मोठा झालेला पोऱ्या कमरंभर पान्यान बुरल कसा?”

त्याच प्रश्नासाठी ती इथवर आली होती.

४

तळ्याचं पाणी फिकट गुलाबी होतं. काठाच्या पांढऱ्या फरश्यांवर पाण्यालगत गुलाबी रेघ उमटली होती, आणि ती ताजी होती. तिने बोटाने पुसली, तर खाली फरशी शुभ्र होती.

“आधी कसं असायचं पाणी?” तिने शिवाला विचारलं.

“एकदम बिसलेरी, मॅडम. तळ दिसायचा. मीच भरायचो ना, पाइप लावून.”

“कुठला पाइप?”

शिवाने झेंडूंमध्ये पडलेल्या पाइपाकडे बोट केलं आणि जीभ चावली. पाइप पिण्याच्या पाण्याच्या नळाला जोडलेला होता.

म्हणजे तळ्यात सांडपाण्याचा एक थेंबही कधी गेला नव्हता. काल पहिल्यांदा गेला, आणि मासे मेले. विष कुणी आणून टाकलं नव्हतं. पाटीवर जे लिहिलं होतं तेच फक्त कुणीतरी खरं केलं होतं.

प्रयोगशाळेत क्षिप्रा वैद्य, कंपनीची केमिस्ट, परीक्षानळ्या धूत होती. धुतलेल्याच पुन्हा धूत होती.

“तळ्यात सांडपाणी सोडायचा व्हॉल्व्ह प्रीतमला कुणी दाखवला?” वैजयंतीने दारातूनच विचारलं.

क्षिप्राच्या हातातली नळी सिंकमध्ये पडून फुटली.

“मी फक्त सांगितलं होतं,” ती पुटपुटली. “शेडच्या मागे सांडपाण्याचं चेंबर आहे, जमिनीखाली. तिथून तळ्याकडे लाइन जाते. व्हॉल्व्ह कायमचा बंद. तो म्हणाला, एकदाच उघडायचाय. मला वाटलं ऑपरेटरला सांगेल. स्वतः उतरेल असं... मॅडम, सुट्टीच्या दिवशी आत कुणी नसतं. आणि त्या चेंबरमध्ये गाळ कुजतो. तिथं गॅस असतो.”

“हे त्याला सांगितलं होतंस?”

क्षिप्राने मान हलवली. हो की नाही ते कळायला वैजयंतीला तिच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं. नाही.

“आमचं भांडण चाललं होतं,” क्षिप्रा म्हणाली. “तो म्हणायचा, तू रोज हे पाणी तपासतेस, मग गप्प कशी बसतेस? मला राग आला. म्हटलं, हिंमत असेल तर जा, उघड. एवढंच बोलले मी त्याच्याशी शेवटचं.”

वैजयंतीने पायातली चांदीची जोडवी काढली. एक तिने बरणीभर तळ्याच्या पाण्यात टाकलं. दुसरं दोऱ्याला बांधून, शेडमागच्या चेंबरच्या लोखंडी झाकणाच्या फटीतून आत सोडलं. फटीतून सडक्या अंड्यांचा वास येत होता. झाकणाला कोरं करकरीत कुलूप होतं.

चहा पिऊन ती परत आली. तळ्याच्या पाण्यातलं जोडवं तसंच चमकत होतं. चेंबरमधलं प्रीतमच्या अंगठीसारखं काळं पडलं होतं.

५

आता तिला सगळं दिसत होतं. प्रीतम चेंबरमध्ये उतरला. पाणी असणार हे ठाऊक होतं, म्हणून बूट काढून वर ठेवले, मोजे खिशात कोंबले. व्हॉल्व्ह फिरवला. पाण्याने गाळ ढवळला, गॅस उसळला आणि तो तिथेच कोसळला. मागून कुणीतरी आलं. काखेतून पट्टा घालून त्याला वर ओढलं. चेंबरशी बूट सापडू नयेत म्हणून ते त्याच्या पायात चढवले, नाड्या बांधल्या, पण मोजे खिशात आहेत हे त्या माणसाला माहीत नव्हतं. मग प्रीतमला तळ्यात टाकलं. बुडून मेला म्हटलं की चेंबरकडे कोण बघतंय?

देवजी असता तर भाचा पडलेला बघून तसाच खाली उतरला असता, आणि शेजारी दुसरं प्रेत मिळालं असतं. क्षिप्राला धडधाकट माणूस ओढवला नसता. उतरणाऱ्याने श्वासाचा मास्क लावला होता. त्याला गॅस माहीत होता.

मास्क सुरक्षा कपाटात असतो. वैजयंतीने वॉचमनकरवी कपाटाचं कुलूप तोडवलं. मास्कच्या हवेच्या सिलिंडरचं सील तुटलेलं होतं, काटा अर्ध्याखाली. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे असत. एक फायरमन, तो लग्नासाठी उरणला गेलेला. दुसरे, कारखान्याचे जनरल मॅनेजर नंदकिशोर करंदीकर.

हॉस्पिटलात फोन लावून तिने डॉक्टरांना आपला तर्क सांगितला. गॅसने मृत्यू, नंतर प्रेत तळ्यात.

“तसं नाहीये, मॅडम,” पलीकडून डॉक्टर म्हणाले. “फुफ्फुसं पाण्याने भरलीयत. आत तळ्यातलं शेवाळ आहे. आणि श्वासनलिकेत एक झेंडूची पाकळी अडकलीय.”

“पाकळी?”

“श्वास घेतल्याशिवाय ती तिथवर जात नाही. तो बुडूनच मेलाय.”

वैजयंतीने रिसीव्हर ठेवला. चेंबरमध्ये झेंडू नव्हता. तो होता तळ्याकाठी. तर्क चुकला नव्हता. फक्त त्यातला एक शब्द चुकला होता. ‘प्रेत’.

६

करंदीकर तिची वाटच बघत असल्यासारखे बसले होते. पन्नाशीचे, नीटनेटके, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. टेबलावर काचेखाली मुलीचा फोटो. त्यांच्या बुटांच्या नाड्यांच्या गाठी तिने टेबलाखालून पाहिल्या. घट्ट, सारख्या.

तिने काळं पडलेलं जोडवं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी त्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

“काल संध्याकाळी मी तळं बघायला आलो होतो,” ते म्हणाले. “समितीच्या आधी एकदा बघावं म्हणून. मासे तडफडत होते. मला लगेच कळलं. पळत चेंबरकडे गेलो. तो खाली पडला होता. मी मास्क लावून उतरलो, सबनीस मॅडम. एकटा. जीव धोक्यात घालून त्याला वर काढला. हे तरी खोटं म्हणू नका.”

“नाही म्हणत. आणि मग?”

“तो गेला होता. मग मी... दहा मिनिटं तिथे नुसता बसलो. या तळ्याला हसायला सोपं आहे. पण मालकांना खऱ्या शुद्धीकरणावर खर्च करायचाच नव्हता. पुरस्कार मिळाला असता, नाव झालं असतं, तर त्या नावाखातर त्यांना करावं लागलं असतं. मालकांकडून तसा शब्द घेतला होता मी. खोट्या तळ्यातून खरं काहीतरी उभं राहणार होतं. चेंबरमध्ये माणूस मेला असं झालं असतं तर कारखाना बंद, हजार घरं रस्त्यावर. बुडाला म्हटलं तर अपघात. तो तर गेलाच होता.”

“देवजीचं नाव?”

“मी घेतलं नाही! पोलिसांनी घेतलं.”

“तुम्ही खोडलंही नाही.”

खाली यंत्रांची घरघर चालू होती. कारखाना नेहमीसारखा चालला होता.

“करंदीकर, तो गेलाय हे कशावरून ठरवलंत?”

“नाडी बघितली. मनगटाची, मग मानेची. लागत नव्हती.”

“हातमोजे काढून?”

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांची नजर स्वतःच्या हातांकडे गेली. तेजाबी पाण्यात उतरताना घालायचे रबरी मोजे कोपरापर्यंत येतात, जाड असतात. त्यांच्यातून हातात धरलेला चमचाही नीट कळत नाही.

“नाही ना काढले?” वैजयंती हळू म्हणाली.

तिला पाकळीचं सांगायचं नव्हतं. ते न सांगता उठता आलं असतं. पण एक म्हातारा कोठडीत बसला होता, म्हणून तिने सांगितलं.

करंदीकर उठले, खिडकीपाशी गेले, तिथून तळं दिसतं हे लक्षात येऊन भिंतीकडे वळले आणि भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. “मी त्याला हातांनी उचलून नेलं,” ते म्हणाले. “बूट घातले. मॅडम, मी त्याला बूट घातले, आणि तो...” मग म्हणाले, “मी लिहून देतो. आत्ता देतो.”

त्यांनी पेन उघडलं. तेवढ्यात फोन वाजला. मुंबईच्या मुख्य कार्यालयाचा होता. करंदीकर ऐकत राहिले. मधून मधून “हो सर” म्हणाले. फोन ठेवताना त्यांचा चेहरा बदलला नव्हता, पण पेन त्यांनी बंद केलं होतं.

“आमचे वकील निघालेत,” ते म्हणाले. “उद्या बोलू.”

७

दुसऱ्या दिवशी करंदीकर तिथे नव्हते. प्रकृतीच्या कारणास्तव रजेवर, मग तिकडूनच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात बदली, असं नव्या मॅनेजरने सांगितलं. शेडमागे चेंबरच्या जागी ओलं काँक्रीट होतं. सिलिंडरवर नवं सील होतं आणि काटा पूर्ण भरलेला. शिवाला पाइपाबद्दल विचारलं तर त्याने मान खाली घातली. क्षिप्राने राजीनामा दिला होता. ती पुण्याला गेली एवढंच कुणाला तरी माहीत होतं. कपडे नि बूट घरच्यांना परत मिळाले होते आणि अंत्यसंस्काराबरोबर जळाले होते.

उरली होती प्रीतमची चांदी; तिच्या स्वतःच्या काळ्या जोडव्याने प्रीतम चेंबरमध्ये उतरल्याचं सिद्ध होत नव्हतं. वैजयंती बोनकोड्याला गेली.

प्रीतमची आई, पुतळा, ओटीवर बसली होती. तिने हॉस्पिटलात पाहिलेल्या वैजयंतीला ओळखलं, पाट दिला, सुनेला हाक मारून पाणी मागवलं. पोटुशी सून पाणी ठेवून आत गेली.

“अंगठी नि करदोरा बघायचा होता,” वैजयंती म्हणाली.

पुतळा उठली आणि डबी घेऊन आली. आतली चांदी लखलखत होती.

“चिंचंनं घासली,” ती म्हणाली. “लय काली झालती.”

“आई, तो काळेपणाच पुरावा होता.”

“ठावं हाय.”

वैजयंती तिच्याकडे बघतच राहिली.

“काल कंपनीचा मानूस आलता,” पुतळा म्हणाली. “बोल्ला, अपघात झाला असं तुमी मानलात तं देवजी आज घरी. सुनंला कायमची नोकरी. नाय मानलात तं कोरट चालंल, मामा आतच, आनी प्रीतमनी कंपनीचं नुसकान केलान म्हनून त्याच्यावरच केस. मेल्यावर! बोल्ला, चांदी घासून ठेवा, चांगली दिसंल. मना कललं त्याला काय पायजे त्ये.” तिने डबी बंद केली. “पोर तं गेला, ताई. माजा भाव तरी घरान यील.”

कायद्याचं उत्तर वैजयंतीजवळ होतं, ते तिने काढलं नाही.

“प्रीतमनी खरं पानी सोरलान ना?” पुतळाने विचारलं.

“हो. त्यानेच.”

“मासं मेलं?”

“सगळे.”

पुतळाने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. अभिमान म्हणावा तर तो टिकला नाही. मग तिने वैजयंतीचा हात धरला. “ताई, एकच सांगा. त्याला लय तरास झाला का? कवा गेला तो? खाली चेंबरान का तल्यान?”

वैजयंतीच्या डोळ्यांसमोर ती पाकळी आली.

“खाली,” ती म्हणाली. “लगेच गेला. त्याला काही कळलं नाही.”

पुतळाने हात सोडला आणि पदराने डोळे पुसले. “बरा झाला,” ती म्हणाली. “तेवरा तरी बरा झाला.”

बाहेर गलका झाला. रिक्षातून देवजी उतरत होता. बायका रडत धावल्या, कुणी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. म्हातारा सगळ्यांना बाजूला सारत ओटीवर आला आणि वैजयंतीला बघून थांबला. मग वाकून त्याने तिच्या पायांना हात लावला.

“तुमच्यामुलं सुटलो, ताई,” तो म्हणाला. “तुमी खरं शोदून काडलात.”

वैजयंतीने पाय मागे घेतले, पण त्याआधीच त्याने डोकं टेकवलं होतं.

तिने अहवाल लिहिला. चेंबर, पट्टा, मोजे, हातमोजे, सगळं लिहिलं, कारण तेवढंच तिच्या हातात होतं. पुराव्याच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. वर्ष सरताना वाशीच्या एका मोठ्या सभागृहात शुभ्रांशुला पुरस्कार मिळाला, तळ्यासाठी नव्हे, तर ‘अपघातग्रस्त कुटुंबाच्या पुनर्वसनातील आदर्श सामाजिक बांधिलकी’साठी. निमंत्रण वैजयंतीलाही होतं. ती गेली, मागच्या रांगेत बसली. प्रीतमची बायको बाळाला कडेवर घेऊन मंचावर उभी राहिली, आणि सूत्रसंचालकाने सांगितल्यावर माइकपाशी जाऊन, शिकवलेलं एकेक वाक्य न चुकता म्हणाली.